कीबोर्ड घ्यायच्या आधी आम्ही अर्धी वही भरली

गणपतीतला कार्यक्रम होता. ताईंचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, निवेदकानं पुढचं गाणं अनाउन्स केलं आणि मी कीबोर्डवर पीस (गाण्यातला नुसत्या वाद्यांचा तुकडा) सुरू केला. ताईंचं गाणं काळी चारात, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून होतं, त्यासाठी ट्रान्सपोज (बोटं तीच ठेवून अख्खा कीबोर्ड वर-खाली सरकवायची सोय) -४ वर ठेवलेला, आणि पुढचं दादांचं गाणं काळी एकात, म्हणजे मला +१ करायचं होतं आणि मी ते विसरलो. मजा अशी की पहिले दोन-तीन सेकंद कुणाला काही कळलंच नाही, कारण काळी चार म्हणजे काळी एकाचा पंचमच की, लोकांना वाटलं असेल मुद्दाम काहीतरी हार्मनी केलीय. मग गिटारवाल्यानं कॉर्ड बदलली आणि सगळं उघडं पडलं. दादांनी माइक तोंडापासून लांब धरून माझ्याकडं बघितलं ते अजून आठवतंय. मी बटणं शोधतोय, स्क्रीनवर भलताच मेनू उघडलाय, ऑक्टोपॅडवाला बिचारा एकटाच ठेका धरून बसलाय.

चूक माझीच, पण घरी येताना टेम्पोत विषय निघाला की आता नवा कीबोर्ड घ्यायचाच. आमचा कीबोर्ड नऊ वर्षांचा, त्यानं बरंच काही बघितलंय, कंपनीचं नाव घेत नाही कारण इतकी वर्षं वापरल्यावर कुठलाही कीबोर्ड थकणारच.

तर हे सगळं प्रकरण त्या रात्रीपासून पुढचे सात-आठ महिने चाललं. सविस्तर लिहितोय, कारण नवीन कीबोर्ड घेणारी मुलं मला फोन करून एकच विचारतात, "दादा, कुठला घेऊ?" आणि त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

आधी आमची परिस्थिती सांगतो. सांगली-मिरज भागातला ऑर्केस्ट्रा, दहा जण. दोन गायक, एक गायिका, निवेदक, ऑक्टोपॅड, ढोलकी-ढोलक, गिटार, बेस आणि दोन कीबोर्ड. मी लीड आणि पीस वाजवतो, दुसऱ्या कीबोर्डवरचा धाकटा कॉर्ड आणि स्ट्रिंग्स भरतो. सुपाऱ्या सगळ्या प्रकारच्या, गणपती, नवरात्र, कोजागिरी, गावच्या यात्रा, लग्नातली हळद, मधेच एखादा भक्तिगीतांचा कार्यक्रम. म्हणजे एकाच कीबोर्डानं एका संध्याकाळी सनई, बासरी, संतूर, ॲकॉर्डियन, क्लॅरोनेट, पियानो, ब्रास सगळं द्यायचं. बजेट दोघांनी मिळून एक लाखाच्या आत.

पहिल्या आठवड्यात ग्रुपवर सगळ्यांनी आपापली यादी टाकली. ती यादी आत्ता काढून वाचली तर हसायला येतं. धाकट्यानं लिहिलं होतं हजारभर टोन (म्हणजे वाद्यांचे आवाज), मोठी टच स्क्रीन, सॅम्पलिंग, ८८ की. गिटारवाल्यानं लिहिलं चांगला पियानो. ऑक्टोपॅडवाल्यानं लिहिलं "रिदम नको, नाहीतर मी काय करू". ते मात्र सगळ्यात कामाचं वाक्य निघालं, त्याच्यावर पुढे येतो. आणि धाकटा रोज एक व्हिडिओ पाठवायचा.

"दादा, नॉर्ड बघा की, लाल कसला दिसतोय!"

"लाल दिसतोय ते दिसतोय, बजेट बघ रे."

नॉर्ड म्हणजे स्वीडनच्या स्टॉकहोममधल्या क्लाव्हिया कंपनीचा. त्यांचा स्टेज कीबोर्ड पहिल्यांदा २००५ ला आला आणि चौथी पिढी २०२३ ला. आमच्या बजेटच्या कितीतरी पट, घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण धाकट्यानं व्हिडिओ दाखवल्यावर एक गोष्ट मला त्यात पटली, ती ही की वरच्या जवळजवळ प्रत्येक नॉबला आणि बटणाला आपापलं ठरलेलं काम आहे. रिव्हर्ब (आवाजातला घुमारा) कमी करायचा तर रिव्हर्बचा नॉब, स्प्लिट (कीबोर्डाच्या एका भागावर एक टोन, दुसऱ्यावर दुसरा) करायचं तर स्प्लिटचं बटण, मेनूत जावं लागत नाही. महाग कीबोर्डात लोक आवाजाला पैसे देतात असं मला वाटायचं, तेव्हा कळलं की निम्मे पैसे मेनू न उघडण्याचे आहेत.

मग मी म्हटलं यादी बाजूला ठेवा. दोनशे पानी वही आणली आणि ठरवलं की पुढच्या सगळ्या कार्यक्रमांत कीबोर्डमुळे जे जे अडलं ते रात्रीच लिहायचं, दुसऱ्या दिवशी नाही, कारण दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या चुका विसरतो आणि कीबोर्डच्या चुका वाढवून सांगतो. दिवाळीपर्यंत आणि पुढं यात्रांच्या सीझनमध्ये मिळून बारीक अक्षरात वही अर्धी भरली. आणि गंमत बघा, अख्ख्या वहीत "टोन कमी पडले" असं एकदाही नाही. एकदाही.

सगळ्यात जास्त वेळा आलं ते ट्रान्सपोज. ह्याच्यावर लोक नाकं मुरडतात, खरा कीबोर्डिस्ट बारा पट्ट्यांत वाजवतो वगैरे, मान्य आहे, पण आमच्याकडं बरेचसे कीबोर्डवाले हार्मोनियमवरून आलेत, बोटं दोन-तीन पट्ट्यांत बसलेली, आणि गायक ऐन वेळी म्हणतो आज घसा बसलाय अर्धा सूर खाली घ्या. तेव्हा अर्धा सूर खाली घ्यायला किती सेकंद लागतात हे महत्त्वाचं. आमच्या जुन्यात मेनू, मग सिस्टीम, मग ट्रान्सपोज, मग डायल. आणि चालू आहे की नाही हे कळायला एक बारीक अक्षर स्क्रीनच्या कोपऱ्यात. वहीत मी लिहिलंय: ट्रान्सपोजची दोन स्वतंत्र बटणं, चालू असेल तर लाल दिवा, आकडा सहा फुटांवरून दिसला पाहिजे, आणि टोन बदलला तरी ट्रान्सपोज आपोआप बदलता कामा नये, किंवा बदलायचाच असेल तर ते ठरवायचा हक्क मला पाहिजे. काही कीबोर्डांत ट्रान्सपोज गाण्याच्या सेटिंगबरोबर सेव्ह होतो, काहींत अख्ख्या कीबोर्डला एकच. दोन्हीचे फायदे आहेत. सेव्ह होत असता तर त्या गणपतीत माझी इज्जत वाचली असती, पण गायकानं ऐन वेळी पट्टी बदलली की तोच फायदा अंगावर येतो.

ह्याच्याच पोटातला दुसरा विषय स्केल ट्यूनिंग, आणि हा विषय विकणाऱ्याला समजावून सांगताना माझा घसा सुकला. मिरजेत भक्तिगीतांचा कार्यक्रम होता, स्टेजवर खरा तंबोरा. मिरजेचा तंबोरा म्हणजे काय ते सांगायला नको, २०२४ ला त्याला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या लोकांचे कान इतके तयार की आपण चुकलो तर बोलत नाहीत, नुसते मान खाली घालतात. मी हार्मोनियमचा टोन लावून शुद्ध गंधारावर थांबलो आणि तंबोऱ्यातून निघणारा गंधार वेगळा, माझा वेगळा. कारण साधं आहे. कीबोर्डात सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, प्रत्येक भाग १०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप), म्हणजे शुद्ध ग सा पासून बरोबर ४०० सेंटवर. तंबोऱ्याच्या तारेतून जो गंधार ऐकू येतो तो ५:४ च्या प्रमाणातला, तो येतो साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. नाचाच्या गाण्यात कुणाच्या बापाला कळत नाही, पण तंबोऱ्यासमोर सूर लांबवला की टोचतो. कोमल ग चं उलटं, तो ३१६ च्या आसपास आणि कीबोर्डात ३००, म्हणजे तो वर घ्यायचा.

आता बऱ्याच कीबोर्डांत स्केल ट्यून असतं, बारा सुरांना वेगवेगळं वर-खाली करता येतं. पण खरा प्रश्न दोन. एक, ते एका बटणानं चालू-बंद होतं का, कारण पुढच्याच गाण्यात गिटार आणि बेस आले की आपल्याला परत सगळ्यांसारखं समान स्केल पाहिजे. दोन, मी ट्रान्सपोज केला तर ते ट्यूनिंग माझ्या सा बरोबर सरकतं का जागेवरच राहतं. जागेवर राहिलं तर मी पांढरी एकाला लावलेला गंधार काळी दोनमध्ये भलत्याच सुरावर जाऊन बसतो. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. दुकानात ट्यूनर ॲप लावून स्वतः बघायचं, दुसरा उपाय नाही.

टोन बदलताना आवाज तुटणं हा वहीतला तिसरा मोठा विषय. समजा बासरीचा पीस संपत आलाय, शेवटचा सूर लांबलाय, त्याची शेपटी हवेत आहे आणि मला पुढच्या मात्रेला ब्रास पाहिजे. बटण दाबलं की बासरी कापल्यासारखी थांबते, मधे एक पोकळी, मग ब्रास. लोकांना नक्की काय झालं ते कळत नाही पण काहीतरी फाटलं हे कळतं. हे का होतं तर प्रत्येक टोनबरोबर त्याचे इफेक्ट्स असतात, रिव्हर्ब, डिले, कोरस, आणि टोन बदलला की आतला प्रोसेसर जुने इफेक्ट काढून नवे चढवतो. जुन्याची शेपटी जिवंत ठेवायची तर दोन्ही संच एकाच वेळी चालवायला लागतात, म्हणजे जास्त ताकदीचा प्रोसेसर, म्हणजे पैसे. कॉर्गनं २०११ च्या क्रोनॉसमध्ये हे दिलं होतं, यामाहाच्या सीपी आणि वायसी मालिकांत आहे, नॉर्डच्या स्टेज ३ पासून आहे. आमच्या बजेटात विचारलं की बहुतेक दुकानदार म्हणायचे "हो हो येतं ना" आणि लावून बघितलं की तुटायचं.

ह्याच्यावर तोडगा आहे आणि तो आमच्याकडचे जुने लोक वर्षानुवर्षं करतात. एका गाण्याला लागणारे चार-पाच टोन एकाच पर्फॉर्मन्समध्ये (सेव्ह केलेल्या संचात) आधीच भरून ठेवायचे, कुठले स्प्लिट करून, कुठले एकावर एक, आणि गाण्यात फक्त त्यांना चालू-बंद करायचं. टोन बदलतच नाही, त्यामुळे तुटतही नाही. पण मग कीबोर्डाला वर दर्शनी भागात त्या चार-पाच टोनांचे चालू-बंदचे बटण किंवा स्लायडर पाहिजेत. म्हणजे न तुटता टोन बदलायचं, ज्याला "सीमलेस" म्हणतात ते फीचर नसलं तरी चालेल, चार स्लायडर पाहिजेत. ही ओळ मी वहीत दोनदा अधोरेखित केलीय.

स्लायडरवरून आठवलं. सेव्ह केलेला व्हॉल्यूम एक आणि स्लायडर प्रत्यक्षात भलतीकडंच उभा, आणि हात लावला की आवाज एकदम उडी मारतो, हे आमच्या हळदीच्या कार्यक्रमात झालं आणि नवरीच्या आजोबांनी कानावर हात ठेवले. काही कीबोर्डांत अशी सोय असते की स्लायडर सेव्ह केलेल्या जागेवरून गेल्याशिवाय तो पकड घेत नाही. ती सोय पाहिजे.

आता पॉवर. इथं शहरातल्या स्टुडिओवाल्यांना आमचं दुःख कळणार नाही. यात्रेतला स्टेज, जनरेटर, त्याच्यावरच लाइट, त्याच्यावरच साउंड, आणि लाइटवाल्यानं सगळे पार लाइट एकदम उचलले की व्होल्टेज खाली जातो आणि कीबोर्ड बंद पडून परत चालू होतो. आमचा जुना चालू व्हायला बावीस सेकंद घ्यायचा, मी मोजलेत. बावीस सेकंद गाण्याच्या मध्ये किती असतात ते ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. क्रोनॉससारखा कॉम्प्युटरच आत असलेला कीबोर्ड तर चालू व्हायला दोनेक मिनिटं घ्यायचा, आवाज स्वर्गीय पण जनरेटरवर तो घेऊन जायची हिंमत पाहिजे. त्यात आमच्याकडं रात्री दहाची घाई, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि ते दिवस कुठले ते आपल्या हातात नाही. पावणेदहाला कीबोर्ड बंद पडला तर शेवटचं गाणंच गेलं, आणि शेवटचं गाणं म्हणजे ज्याच्यावर पुढची सुपारी येते ते.

म्हणून बॅटरीवर चालणारा कीबोर्ड हा आमच्यासाठी बागेत बसून वाजवायचा शौक नाही, तो यूपीएस आहे. रोलँडचा जुनो-डीएस ६१ आठ पेन्सिल सेलवर चालतो, यामाहाचा सीके ६१ पण सेलवर चालतो, कॉर्गचा क्रॉस २ पण. आत सेल असले की जनरेटर गेला तरी कीबोर्ड जागा राहतो, असं म्हणतात, पण हेही तपासायचं, कारण वायर ओढल्यावर आपोआप सेलवर जातो का मधे बंद पडून मग जातो हे प्रत्येकाचं वेगळं. मी दुकानात वाजवता वाजवता ॲडॉप्टर उपटला. दुकानदार ओरडला, "अहो काय करताय!" म्हटलं काका, आमच्याकडं हे दर कार्यक्रमाला होतं, चहावाल्याच्या पायानं.

आणि ती ॲडॉप्टरची पिन! एवढ्या किमतीची वस्तू आणि तिचा जीव एका गोल पिनेवर लटकलेला. मागे वायर अडकवायला एक साधा हूक असतो, काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. वहीत चार वेळा आलंय. गाफर टेपनं चिकटवतो आम्ही, पण टेप काढताना रंग निघतो.

की-बेडबद्दल, म्हणजे कींच्या खालच्या यंत्रणेबद्दल थोडं सविस्तर, कारण नऊ वर्षांचा कीबोर्ड मेला तो इथंच. प्रत्येक कीच्या खाली रबराची टोपी असते आणि तिच्यात दोन संपर्क, एक आधी टेकतो, एक नंतर. दोन्ही टेकण्यातलं अंतर किती कमी-जास्त वेळाचं ते मोजून कीबोर्ड ठरवतो की तुम्ही हळू दाबलं की जोरात, आणि त्याला १ ते १२७ मधला आकडा देतो, हे मिडीचं (कीबोर्डांच्या आपसातल्या भाषेचं) १९८३ पासूनचं गणित. आता ह्या रबरात धूळ, गुलाल, घाम गेला की एक संपर्क नीट टेकत नाही. मग काही कीबोर्डांत ती नोट वाजतच नाही आणि काहींत एकदम १२७ नं बोंबलते, तुम्ही कितीही अलगद दाबा. आमचा मधल्या सप्तकातला म असा बोंबलायला लागला होता. हळुवार गाण्यात मधेच एक म. गायक माझ्याकडं रागानं बघायचे आणि मी कीबोर्डाकडं.

रिपेअरवाल्या काकांनी उघडला तर आत गुलालाचा थर. म्हणाले, "अरे ह्याची रबर स्ट्रिप बदलली की अजून पाच वर्षं जाईल, पण ह्या मॉडेलची स्ट्रिप यायला दोन महिने." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की स्पेअर पार्ट मिळणं हे पण एक फीचर आहे, ते कुणीच बॉक्सवर छापत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, रबर स्ट्रिप मिळते का, किती दिवसांत, आणि इथं जवळ उघडणारं कोण आहे. रोलँडचे एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० आपल्याकडं इतक्या लोकांच्या हातात का दिसतात ह्याचं अर्धं उत्तर भारतीय टोन असेल, पण अर्धं हे की अडलं तर गावातला दुसरा एक्सपीएसवाला मदतीला येतो, त्याचे टोन पेन ड्राइव्हवरून मिळतात.

बाकीच्या गोष्टी पटापट. वजन सहा किलोच्या आत, कारण कधीकधी मी ॲक्टिव्हावर मागे बसून मांडीवर कीबोर्ड घेऊन जातो, ८८ कीचा हॅमरवाला (पियानोसारख्या जड कीचा) तेरा-चौदा किलोचा मांडीवर बसत नाही. म्हणून धाकट्याचे ८८ कटाप. स्क्रीन उन्हात दिसली पाहिजे, यात्रेतला साउंड चेक दुपारी तीनला असतो. बटणांवरची अक्षरं काळ्यावर लाल नकोत, निळा लाइट पडला की लाल अक्षर काळंच दिसतं, कुठल्या शहाण्यानं हे डिझाइन केलंय देवाला ठाऊक. पिच बेंड आणि मॉड्युलेशन एकाच लिव्हरवर असेल तर सनईला बरं पडतं, अंगठ्यानं मींड घेता घेता पुढं ढकललं की कंप, पण हे माझं मत, धाकट्याला दोन वेगळी चाकंच आवडतात. एकाच वेळी किती नोटा वाजतात तो आकडा आता डोकं खायचा विषय राहिला नाही, १९८३ च्या डीएक्स ७ मध्ये सोळा होत्या आणि आता १२८ सर्रास मिळतात, फक्त चार टोन एकावर एक चढवून सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) दाबून ठेवलं तर त्याही संपतात एवढं लक्षात ठेवायचं.

आणि ऑक्टोपॅडवाल्याचं वाक्य. रिदम नको. ह्यानं आमचे निम्मे पर्याय एका फटक्यात गेले आणि ते बरंच झालं. बाजारात भारी म्हणून जे कीबोर्ड दाखवतात, यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका, कॉर्गची पीए मालिका, ते अरेंजर आहेत, डाव्या हातानं कॉर्ड दाबली की मागे अख्खा बँड वाजतो. एकट्यानं हॉटेलात किंवा छोट्या घरगुती कार्यक्रमात वाजवणाऱ्याला तेच पाहिजे. पण आमच्याकडं ऑक्टोपॅड आहे, ढोलकी आहे, बेस आहे, जिवंत माणसं आहेत. त्या स्टाइल्सचे आणि स्पीकरचे पैसे आणि वजन आम्ही कशाला उचलायचं? आपल्याकडं ही गल्लत फार होते, अरेंजर आणि स्टेज कीबोर्ड ह्यात फरक न करता "मोठा कीबोर्ड" एवढंच बघून घेतात.

मग दुकानं. पुण्यात दोन, मुंबईत एक. आम्ही वहीतून एक पान काढून त्याच्यावर तपासायच्या गोष्टी उतरवल्या आणि स्वतःचं सस्टेन पेडल, हेडफोन, पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. पेडल स्वतःचं न्यायचं कारण सगळ्या कंपन्यांची पेडलं एकसारखी नसतात, एकाचं दाबल्यावर जोडतं तर दुसऱ्याचं दाबल्यावर तोडतं, उलटं लागलं की पाय उचलल्यावर सस्टेन होतो. बरेच कीबोर्ड चालू होताना स्वतः ओळखून घेतात, त्यामुळे चालू करताना पेडलवर पाय ठेवायचा नाही, हे मला वीस वर्षं वाजवून मुंबईच्या दुकानातल्या पोरानं शिकवलं.

दुकानात प्रत्येक कीबोर्डावर आम्ही एकच खेळ केला. धाकटा घड्याळ लावायचा आणि मी ओळीनं करायचो: काळी चारातून काळी एकात जा, बासरीचा सूर चालू असताना ब्रासवर जा, सनई वरच्या सप्तकात आणि स्ट्रिंग्स खाली असं स्प्लिट शून्यातून बनव, सेव्ह कर, बंद करून चालू कर. पहिल्या वेळी मॅन्युअल न बघता. जो कीबोर्ड डेमोत सगळ्यात सुंदर वाजला त्याच्यावर स्प्लिट बनवायला मला सहा मिनिटं लागली. जो सगळ्यात साधा दिसत होता त्याच्यावर चाळीस सेकंद. धाकट्याचं तोंड उतरलं, कारण सहा मिनिटवाला त्याचा आवडता होता. पण नंतर त्यानंच एक चांगला मुद्दा काढला की घरी बसून बनवायच्या गोष्टीला वेळ लागला तर चालतं की दादा, स्टेजवर करायच्या गोष्टीला लागता कामा नये, मग आपण स्प्लिटचे मार्क कमी करू आणि ट्रान्सपोजचे वाढवू. बरोबर होतं त्याचं. आम्ही तसं केलं.

शेवटी जो घेतला त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्याच्या खोड्याही लिहिणार आहे. ६१ की, सहा किलोच्या आत, सेलवर चालतो, ट्रान्सपोजला स्वतःचं बटण, टोनांना वरच स्लायडर. बूट होतो पटकन. भारतीय टोनांत सनई बरी, बासरी चांगली, संतूर सुमार, क्लॅरोनेट तर सांगायलाच नको, लावणीला क्लॅरोनेट लागतं ते अजून जुन्या कीबोर्डातूनच काढतो. स्केल ट्यून आहे पण मेनूत तीन पायऱ्या खाली, आणि ट्रान्सपोजबरोबर सरकत नाही, हे माहीत असूनच घेतलं. त्याच्यावर जुगाड असा केलाय की भक्तिगीतांच्या कार्यक्रमाला ट्रान्सपोज शून्यावर ठेवून ताईंच्या काळी चारातच थेट वाजवायचं आणि तिथंच गंधार उतरवून ठेवायचा. त्यासाठी मला ह्या वयात काळी चारात बोटं बसवायला लागली, रोज सकाळी अर्धा तास.

सीमलेस नाही. स्लायडरनं भागतं, पण एका गाण्यात सहावा टोन लागला की अडतं, तिथं धाकटा माझा शेवटचा सूर धरून ठेवतो आणि मी तेवढ्यात बदलतो. हे आम्ही तालमीत बसवून घेतलंय, प्रेक्षकातल्या कुणाला अजून कळलेलं नाही.

पहिली यात्रा झाली त्यात जनरेटर दोनदा गेला. पहिल्यांदा साउंडच गेला त्यामुळे कीबोर्ड जागा राहून उपयोग नव्हता, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण साउंड परत आला त्या क्षणी मी वाजवत होतो, गिटारवाल्याची प्रोसेसर पेटी अजून चालू होत होती. दुसऱ्यांदा कळलं की सेल संपलेत.

जुन्या कीबोर्डाची रबर स्ट्रिप दोन महिन्यांची म्हणता म्हणता तीन महिन्यांनी आली, काकांनी गुलाल साफ करून बसवली, आता म ताळ्यावर आलाय. तो धाकट्याच्या स्टँडवर खालच्या मजल्यावर असतो, आणि त्याच्या मागच्या पिनेला अजून टेपच आहे.